विहीर फोडू नको

मजना जेद्दाहून फोन करते, रात्री साडेअकराला.
तिकडं नऊच वाजलेत.
बाळ तेरा दिवसांचं, मागं रडतंय.
"मास्तरनी नानी, दादी असीदा कशी करायची?"

आता आली का पंचाईत.
खैरिया चाऊस गेली त्याला चार वर्षं झाली.
तिच्या सुना परभणीच्या हॉटेलातून मंदी मागवतात,
आणि अख्ख्या जिंतुरात असीदा हाटता येणारं माणूस
म्हटलं तर मी एक. पाठकांची.

माझ्या बाळंतपणाला आई येऊ शकली नव्हती,
बापूंना अर्धांग झालेला.
तिनं पाठवलेले डिंकाचे लाडू
मंठ्याच्या स्टँडवर अडकले, मुंग्यांनी खाल्ले.
सहाव्या दिवशी भिंतीपलीकडून ही आली,
हातात भगुलं, वर ताटली.
"नवा लिया बर्तन, मास्तरनी. इसमें गोश्त कभी नै पका."
मी बरं म्हटलं.
म्हटलं नाही खरं तर, नुसतं भगुल्याकडं बघितलं.
बुडाला दुकानाचा कागद तसाच चिकटलेला.

मग ताटात पांढुरका डोंगर, ज्वारीचा.
माथ्यावर अंगठ्यानं पाडलेली विहीर,
तिच्यात तूप, तुपाखाली गुळाचं पाणी.
गूळ फोडलेला जंबियानं.
तिच्या आजेसासऱ्यानं हदरमौतहून कमरेला बांधून
निजामाच्या पलटणीत आणलेलं ते पातं,
तिच्या हयातीत त्यानं
ढेपेशिवाय काही कापलं नाही.
बाजूला वाटीत मेथीचा फेस. कडू, हिरवट.
"दूध उतरता इससे. नाक दाबके गिळा."
अन् मी मधेच बोट घालायला गेले तर
माझ्या मनगटावर एक चापट:
"कडंनं खाव. विहीर फोडू नको."
त्या साली गल्लीतल्या खऱ्या विहिरीत
बादली दगडावर वाजायची.

नवव्या दिवशी मी म्हटलं,
तुमच्या घरातल्याच भगुल्यात करा आता.
ती हसली नाही, काही बोलली नाही.
दहाव्या दिवशी काळं, कान तुटलेलं भगुलं आलं.
नवं माझ्याच मांडणीवर राहिलं.
अजून आहे. सांडगे ठेवते त्यात.

कृती मी लिहून घेतली होती,
जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर:
पाणी? "कानाखालपर्यंत."
पीठ? "घेईल तेवढं."
मीठ? "मीठ कोई पूछता क्या?"
तिथंच पान थांबलंय. पुढं नुसता तुपाचा डाग.

तर मजनाला सांगते, पाणी खळाखळा उकळू दे.
मूठमूठ पीठ सोड अन् हाट.
दंड भरून आला की अजून थोडं हाट.
गुठळी झाली की दादी एक शिवी द्यायची,
ती अरबी होती का जिंतुरी
मला शेवटपर्यंत कळलं नाही.
तू तुझी दे.

"ज्वारी मिळते गं तिकडं?"
"मिळते. दुकानदार यमनचा आहे. म्हणतो, ही आमची."
"म्हणू दे. टाळकी नसंल ती."

फोन तिनं डब्याला टेकवून ठेवलाय.
मला छत दिसतं, वाफ दिसते,
अन् मधूनमधून कोपर.
ती ओल्या हातानं डोंगर थापते.
"नानी, विहीर वाकडी झाली."
"तुझ्या दादीची पण वाकडीच असायची."
खोटं. तिची बांगडीसारखी गोल असायची.
पण तेरा दिवसांच्या आईला असलं सांगू नये.

तूप एका बाजूनं ओघळून ताटात आलंय.
बाळ गप्प झालंय कधीतरी.
मी कडंनं म्हणायला तोंड उघडते,
तोवर तिनं थेट मधेच बोटं घातलेली,
डोळे मिटलेले, हनुवटीवर तूप.

मी तशीच बसते, फोन हातात धरून.