हुद्दा

हर्णैच्या मत्स्य कार्यालयात
कारकून मान वर न करता विचारतो : हुद्दा?

धाकल्या पावसे बघत राहतो.
होडीवर तांडेल.
लिलावात, 'ए म्हाताऱ्या, सरक'.
शिमग्याच्या पालखीला तिसरा खांदा,
तोही वाद मिटला त्या वर्षापासून.

फॉर्मवर तीनच छापलेत :
मालक, खलाशी, मजूर.

थोरला फयानमध्ये गेला, होडीसकट.
तेव्हापासून घरात वडील हाच,
सत्तरी उलटली,
तरी हाक अजून धाकल्याच.

'मजूर टाकू?'

तो अंगठा पुढे करतो,
मग आठवतं, सही येते आपल्याला.
दोरानं कापलेल्या बोटांत पेन धरून
सावकाश काढतो 'धा'.
काना खाली उतरत जातो,
रकान्याबाहेर.

कारकून म्हणतो,
'आत घ्या, काका. आत.'