किडीची फिल्म आली नाही

धानावरच्या तुडतुड्यांची फिल्म येणार होती.
चंद्रपूरहून जीप आली, जनरेटर आला,
गालात खर्रा दाबून यादोराव खोब्रागडे आले,
आणि डबा उघडला तर आत भलतंच.
झाकणावर चिठ्ठी. गुरुजींनी चष्मा पुसून वाचली:
बेल्जियम. सहा लघुपट. पाहून परत, दिल्ली.

नकाशात शोधलं. बेल्जियम
धानाच्या एका दाण्याखाली झाकलं गेलं.
फुलबांधे न्हावी म्हणाला, माहा आरसा तिथलाच हाय,
मालगुजाराच्या लिलावातला.
चांगली मानसं असतीन. लावा.

पडदा म्हणजे दोन धोतरं, मधोमध शिवण.
त्या शिवणीतून पहिला माणूस चालत आला,
पाठीवर दार.
नुसतं दार, चौकटीसकट.
समुद्राच्या ओल्या वाळूत त्यानं ते उभं केलं,
कडी वाजवली
आणि थांबला.
इतका थांबला की मागून कोणीतरी म्हणालं,
"घरी नसन गा कोनी."

मग एक बाई इस्त्री करत होती. कापडाला नाही,
कालव्याच्या पाण्याला.
घड्या घालून कपाटात रचत होती,
सगळ्यात खालच्या घडीत एक मासा
अजून शेपूट हलवत.
ठमाबाई ढिवरीण उठून उभी राहिली,
धोतराजवळ गेली, त्या बाईला म्हणाली,
"मासा वरच्या घडीत ठेव वो. खाली दबते."
तिच्या पाठीवरून थोडं पाणी वाहिलं.

मी वायर धरून बसलो होतो. वय अकरा.
हात ढिला पडला की बेल्जियम विझायचं.

पुढच्यात माणूसच नव्हता.
काळ्यावर पांढरे ओरखडे,
कोणीतरी फिल्मच खिळ्यानं खरवडलेली,
आवाज तव्यावर वाळू भाजल्यासारखा.
उजेडाला किडे आले, पडद्यावर बसले,
ओरखड्यांत मिसळले.
यादोराव म्हणाले, घ्या, हे तुमचे तुडतुडे.
हसलं कोणीच नाही. आम्ही मोजत होतो.

एक रीळ उलटं लागलं.
पोराच्या गालावरचं पाणी वर चढलं,
डोळ्यात शिरलं, डोळा कोरडा झाला,
मग पोरगा कशासाठी रडत होता ते घडलं:
चिमणीएवढी आगगाडी त्याच्या तळहातावरून
मागे मागे गेली.
पैकाबाई दायी बोलली, फार हळू,
"हे सपन माहं हाय. औंदाच्या पोळ्याचं.
याईले कोनं सांगतलं?"
कोणी उत्तर दिलं नाही. सरपंचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पाचवी अडकली आणि जळली.
एका म्हाताऱ्याच्या कपाळावर तपकिरी फोड आला,
फुगला, फुटला, मागून पांढरा उजेड.
टाळ्या पडल्या.

सहावी यादोरावांनी लावली नाही.
रॉकेल संपलं, म्हणाले.
कॅन मी हलवून पाहिला होता. अर्धा होता.

रात्री कंदिलाशी बसून त्यांनी फॉर्म भरला:
विषय, तुडतुडे. प्रेक्षक, एकशे चाळीस.
प्रतिसाद, लोकांना समजले.

त्या हिवाळ्यात शंकरपटाच्या रात्री
आम्ही खड्ड्यात तणसावर बसून नाटक पाहिलं.
तिसऱ्या अंकात, खुनाच्या ऐन आधी,
नायक पाठीवर दार घेऊन आला.
संहितेत नव्हतं. तो काही बोललाही नाही.
दार मधोमध ठेवलं, कडी वाजवली,
पेटीवाल्यानं सूर धरला आणि सोडलाच नाही.

सकाळी मंडप उठला. दार बांधीतच राहिलं,
कापलेल्या धानाच्या खुंटांत उभं,
दोन्ही बाजूंना तेच धुकं.
टमरेल घेऊन निघालेली माणसं
बाजूला एवढी जागा असून
दारातूनच जात होती, वाकून.

ठमाबाई पलीकडे गेली,
चार पावलांवरून परत आली,
आणि कडी लावून घेतली.
हवा येते, म्हणाली.