तिसरी फळी

देपालपूरची झोप माझ्या दुकानात
तिसऱ्या फळीवर असते,
दहा-दहाच्या पट्ट्यांत.
पटेलांची थोरली सून कशाला घाबरते
ते मला ठाऊक, आणि मी
सुट्टे पैसे मोजत राहतो.

माझंही काही लपत नाही.
काल दुधी घेतला, तर आज बँकेचा शिपाई विचारतो,
"भाऊसाहब, लौकी कडवी तो नहीं निकली?"
मराठी आता घरात आम्ही दोघंच बोलतो;
तीही भिंतीपलीकडे समजू लागलीय,
भांडण असलं की जरा जास्तच.

मंगळवारी पाचच्या बसने
इंदूरहून माझा रिपोर्ट आला.
कंडक्टर भेरूलालने पाकीट काउंटरवर ठेवलं.
रोजच्यासारखा तंबाखू मळत थांबला नाही,
टपावरची लसणाची पोती
उगाच दोनदा मोजली.
पाकिटाचा डिंक सुटलेला होता.

रात्री शटर ओढताना
पायाला पिशवी लागली:
ओले हरभरे. सोललेले.
म्हणजे कुणीतरी दुपारभर बसलं होतं.

कुणी, ते विचारायचं नसतं.
पिशवी धुतली, उलटी करून वाळवली,
कडीला अडकवून ठेवली.

सकाळी नव्हती.