तिसरं पान

वाशीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून
मी घेऊन आले एक शिट्टी, एक चेंडू
आणि चार पानांची झेरॉक्स.
तिसरं पान कोरंच निघालं.
रबाळ्याच्या आमच्या शाळेत खेळाला सर नाहीत.
तिसरीला मीच मराठी, मीच गणित, मीच परिसर,
आणि आता नेटबॉलही मीच.

"बाई, म्हणजे बास्केटबॉलच ना?"
नाही रे उबेद. चेंडू आपटायचा नाही.
चेंडू घेऊन पळायचंही नाही.
"मग करायचं काय?"
प्रश्न बरोबर होता. मी झेरॉक्सकडे पाहिलं.

कडं नव्हतं. जिविका मढवीनं आणली
काकीची जुनी माशांची पाटी,
तळ अर्धा गेलेला, उरलेला आम्ही कापला
आणि टाकीच्या खांबाला बांधली
दाराच्या चौकटीहून वीतभर वर.
खरं कडं याहून पुष्कळ उंच असतं,
हे मी कुणाला सांगितलं नाही.
तेव्हापासून आमच्या प्रत्येक गोलाला
सुक्या बोंबलाचा वास येतो.

एका बाजूला पाचच जण.
उशांचे जुने अभ्रे कापून छातीवर अक्षरं:
'ने' म्हणजे नेम धरणारा, 'म' मधला, 'रा' राखणारा.
पहिला अर्धा तास खेळ झालाच नाही, नुसते शब्द झाले.
कुणी नेम झालं, कुणी राम,
मग रांग उलटी फिरली आणि झालं 'मरा',
तर दोघं खरंच मेले,
मातीत आडवे, डोळे मिटून,
एक डोळा किलकिला माझ्याकडे.

मोठ्यांना तीन सेकंद. आपण पाच मोजू, म्हटलं.
सगळे मिळून मोजतात, मोठ्यानं,
पण चेंडू दोस्ताच्या हातात असला
की चार आणि पाचच्या मध्ये
एक अख्खी दुपार मावते.

प्रिन्स राजभर चेंडू पोटाशी धरून पळाला
तो थेट फाटकाबाहेर, पाववाल्याच्या सायकलीपर्यंत.
"दे की." नाही.
"अरे, देण्याचाच खेळ आहे हा."
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
जसं मी त्याचा डबा मागितला.

मग आला पायाचा नियम.
एक पाय रोवायचा, दुसरा हवा तितका फिरवायचा.
परकारासारखा, म्हणाले,
आणि आठवलं, परकार यांना अजून शिकवलेला नाही.
मी फिरून दाखवलं. साडी अडकली. हसले.

मल्लम्मा वर्गात जूनपासून चार वाक्यं बोलली असेल.
तिच्याकडे चेंडू आला, चुकूनच.
डावा पाय जमिनीत गेला तिचा,
उजवा फिरला, मागून कंबर, मागून खांदा,
आणि चेंडू सुटला सरळ प्रिन्सच्या छातीवर.

कुठं शिकलीस गं?
"अप्पा असाच उभा राहतो. घण मारताना."
तिनं हात केला पारसिककडे,
जिथं अर्धा डोंगर आहे आणि अर्धा नाही.
"पाय उचलला तर चीप डोळ्यात येते."

मला काही सुचलं नाही.
पोरांना मात्र सुचलं: "परत दाखव!"
ती रांगेपुढून फिरली, एकेकाच्या पोटरीवर टिचकी मारत,
"एडगालु! एडगालु!"
डावा पाय, तिच्या भाषेत.
आता मैदानभर तेच.
पाय उचलला रे उचलला की चाळीस गळे: एडगालु!
शिट्टी माझ्या गळ्यात नुसती लटकते.

प्रिन्सनं चेंडू दिला का?
दिला. तेरा दिवसांनी, शुक्रवारी.
देऊन लगेच परत मागितला.
मल्लम्माचा नेम चुकला, पाटी कलंडली,
जिविका ओरडली, "काकी मारंल!"

काल केंद्रप्रमुख आले, वही घेऊन खुर्चीत बसले.
खेळ बघितला. बराच वेळ बघितला.
"बाई, हे एडगालु कुठल्या नियमात येतं?"

मी म्हटलं, सर,
तिसऱ्या पानावर आहे.