चौदा टक्के

निघताना ब्याण्णव होते.
रात्रभर वायरला बांधून ठेवलेली
नगरपालिकेची छोटी पांढरी गाडी,
मागच्या सीटवर माझी बॅग,
आणि चार घरं.
थंडी मी म्हणत होती. उणे अठ्ठावीस.

हीटरचं बटण दाबलं
की समोरच्या आकड्यातले वीस किलोमीटर
न सांगता उठून जातात,
पंगतीतून रुसलेल्या पाहुण्यांसारखे.
म्हणून दाबत नाही.
सीट तेवढी कोमट ठेवते, दोन लोकरी मोजे, मांडीवर शाल,
आणि काचेवर माझाच श्वास गोठतो
तो बिलाच्या जुन्या कार्डाने खरवडते.
आतून.

ताना नदीच्या काठाने शेवटचं घर नील्लासचं.
वय त्र्याऐंशी.
चाळीस वर्षं मासेमारी बोटींची डिझेल इंजिनं
कानाने तपासणारा माणूस.
अंगणात आला, टोपी वर केली,
बॉनेटला कान लावला.
"गुन्वोर, हिला श्वासच नाही गं."
"आहे," मी म्हटलं, "चौदा टक्के."

परतीचे एकतीस किलोमीटर.
त्याने काही विचारलं नाही,
स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडली,
फटीतून वायर सोडली,
फट जुन्या स्वेटरने बुजवली.
मग भिंतीवरचा हीटर बंद केला.

"हे काय?"
"फ्यूज एकच आहे.
एक तर ती, नाही तर तो."
चुलीचं धुराडं शरदात तडकलेलं,
गवंडी वसंतात येणार.
मी नर्स आहे, मी ओरडले.
तो कॉफी ओतत राहिला, थर्मासमधून, सकाळची.
म्हणाला, बोटीवर इंजिन बंद पडलं
की आम्ही आधी दिवे विझवायचो,
मग रेडिओ, मग एकमेकांशी भांडणं.

दोन तास बसलो.
कोट घालून, टोप्या घालून,
स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या दोघांसारखे.
पंधरा.
रक्तदाब घेतला. बाही वर करायला
त्याने तीन थर सोलले.
सोळा.
त्याची बायको कोणत्या वर्षी गेली ते सांगितलं,
मग म्हणाला, नाही, त्याच्या पुढच्या.
खिडकीच्या आतल्या बाजूला
बर्फाचं पान उमटत होतं, देठापासून.
अठरा.
तो दर थोड्या वेळाने उठून बाहेर डोकवायचा
आणि आकडा आत आणायचा,
जसा कोणी जाळ्यातला एकेक मासा आणतो.
एकदा वीस झाले म्हणाला,
मी जाऊन पाहिलं तर एकोणीसच.
खोटं का बोललास?
तुला बरं वाटावं म्हणून, म्हणाला,
आणि मी ह्या माणसाला
गेली सहा वर्षं तेच करत आले होते
कोलेस्टेरॉलच्या बाबतीत.

बावीसला मी उठले.
पहिल्यांदा हीटर लावला, माझ्या हाताने,
तो तापेपर्यंत दारात उभी राहिले.
त्याने रेनडिअरचं कातडं आणून
माझ्या सीटवर अंथरलं.
"हे विजेशिवाय चालतं."

रस्त्यात एकही गाडी नाही.
उतारावर गाडी काहीच परत मिळवत नव्हती,
गारठलेली बॅटरी घ्यायला तयार नसते,
देणाऱ्यालाही थांबवते.
घरी पोचले तेव्हा तीन.
फोनची रिंग दोनदा दिली, ठरल्याप्रमाणे;
त्याने उचलला नाही, ठरल्याप्रमाणे.

नोंदीत लिहिलं: रक्तदाब ठीक. गोळ्या घेतल्या.
भेटीचा वेळ वीस मिनिटांऐवजी एकशे तीस,
कारण: रकाना रिकामा.
खोलीच्या तापमानाचा रकाना
आमच्या फॉर्मात नाही.

कातडं जूनमध्येही सीटवरच आहे.
केस सगळीकडे,
गाड्या धुणारा पोरगा कुरकुरतो.
काढू का, विचारतो.
राहू दे, म्हणते.