सीम

सांगेच्या मामलेदार कचेरीतून
एकशे बारा गठ्ठे लाल फडक्यात बांधले
धारबांदोड्याच्या नावाने.
टेंपोत मीच बसलो, मांडीवर शिक्क्यांचा डबा.

बापाच्या वेळी कोंसेल्य म्हणत, मग तालुका.
जिल्हा एक होता, त्याचे दोन झाले.
फोंडा तर उत्तरेत निजला नि दक्षिणेत जागा झाला.
नोकरीत तीनदा
कागदाच्या डोक्यावरचं नाव खोडलं,
खाली माणसं तीच लिहिली.

"जल्म खंय जालो म्हण सांगूं आतां?"
आबू वेळपाची म्हातारी विचारी.
म्हटलं, तेव्हा जे होतं ते.
तेव्हाचं तिला ठाऊक नव्हतं.
एवढंच, की काजू मोहरले होते.
रकाना तेवढा रुंद नव्हता.

नव्या नकाशात हद्द ओहळातून जाते.
ओहळ चैतात आटतो,
रेघ आटत नाही.

पलीकडे, आता दुसऱ्या तालुक्यात,
राखणदाराची घुमटी.
रात्रभर तो गावाची सीम चालतो,
म्हणून दर साली नवा वहाणांचा जोड ठेवायचा,
झिजलेला उचलायचा.

निवृत्तीच्या साली जोड मी नेला.
जुना उलटून पाहिला,
तपासणीची सवय, जात नाही.
दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या,
शिवणीत ओहळाची वाळू, अलीकडची
आणि पलीकडची.

त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

परिपत्रकाची एक प्रत माझ्या खिशात होती.
घडी न मोडता
तशीच घरी आणली.