मपलं

मानवतच्या मोंढ्यामागं, टेलरच्या माडीवर रेंज येते,
म्हणून लॅपटॉप तिथं नेला.
खाली पिको-फॉलची मशीन,
वर सरकारी संकेतस्थळ,
दोन्ही दोरा तुटत तुटत चाललेली.
सोजरआत्या धण्याच्या पोत्यावर बसून विचारते,
"झालं का रं मपलं?"

नावच ते.
कुणाचं येसर हाय हे, असं कुणी इचारलं
की ती छातीला हात लावून सांगायची, मपलं.
तेच पाकिटावर आलं. लाल अक्षरं,
खाली तिचा बांगड्यांचा हात, हातात मुसळ.

पाथरीच्या एका पोरानं दिवाळीत
तस्संच लाल पाकीट काढलं: तुपलं येसर.
मी पेटलो.
आत्यानं एक पाकीट विकत आणलं,
चिमूटभर जिभेवर ठेवलं.
"गहू कच्चा ऱ्हायला त्याचा. सांग त्याला."

तरी मी फॉर्म उघडला.
वर्ग तीस, मसाले. फी साडेचार हजार.
सही म्हणजे एक पेनड्राइव्ह,
परभणीच्या गट्टाणीच्या पोरानं करून दिलेला;
लावला की म्हणतो काढ, काढला की म्हणतो लाव.
मग एक रकाना:
शब्द देवनागरीत असल्यास इंग्रजी अर्थ द्या.
दिला. माइन.
खात्री करावी म्हणून शब्दकोश बघितला,
तर तिथं आणखी एक अर्थ बसलेला: खाण.
आत्याला सांगितलं. ती म्हणाली,
"खाण तर खाण. निघत ऱ्हाईल."

कधीपासून वापरात?
दिवस, महिना, वर्ष.
"हरणाबाईच्या थोरलीचं लगीन झालं न्हाई का,
दुधनेला पूर आला तव्हा."
रकान्यात पूर बसत नाही, फक्त आकडे बसतात.
पेटीच्या तळातून लग्नाची पत्रिका निघाली,
पाठीवर पेन्सिलनं हिशोब:
येसर सात शेर, पैशे बाकी.
तीच स्कॅन केली. पुरावा क्रमांक एक.
पैशे अजून बाकीच आहेत.

आठव्या दिवशी स्थिती बदलली:
व्हिएन्ना वर्गीकरणासाठी पाठवले.
मी समजावून सांगितलं, तिकडची नुसती यादी आहे,
चित्रातल्या हाताला एक आकडा, बांगडीला एक,
मुसळालाही असेल कुठला तरी.
पण टेलरच्या दुकानातून तोवर बातमी सुटली होती,
सोजरबाईचा हात परदेशात गेला.
दोघीजणी संध्याकाळी मुद्दाम बघायला आल्या.
आत्यानं हात पुढं केला,
नखात हळद होती तशीच.

आणि मग आक्षेप.
सदर शब्द बोलीभाषेत प्रचलित असून
कोणा एकास त्यावर हक्क देता येणार नाही.
तीस दिवसांत उत्तर सादर करावे.
मी तावातावानं वाचून दाखवलं.
ती बराच वेळ मिरच्यांची देठं खुडत राहिली.
"खरंय की त्याचं," म्हणाली.
"समद्यांचंच हाय ते. म्या काय घडवलं व्हय?"
सूप झटकलं.
"पर भाजायचं मपलं हाय. तेवढं लिही."
मी लिहिलं. अर्जदार नम्रपणे नमूद करतो की.
अडीच पानं भरली,
आणि तिचं वाक्य त्यात कुठं गेलं
ते मलाही सापडेना.

आता रोज रात्री अर्जाचा नंबर टाकतो,
वाकडी अक्षरं ओळखून दाखवतो की मी माणूस आहे,
एकदा चुकतो, दुसऱ्यांदा पास होतो.
प्रलंबित.
तोवर नावापाशी टीएम छापायची मुभा आहे,
दोन बारकी अक्षरं, वरच्या कोपऱ्यात.

नव्या पाकिटांचा गठ्ठा परवा छापून आला.
आत्यानं वरचं पाकीट उजेडात धरलं,
चष्मा नव्हता,
आणि नखानं नेमकं तिथंच खरवडू लागली:
"माशी बसलीय का रं हितं?"